शॅल, मे आणि तिसगावचा दुष्काळ

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक तीन पानी पत्रक आहे. नाव अगदीच रुक्ष, 'आरएफसी २११९'. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर नावाच्या गृहस्थांनी ते लिहिलं. इंटरनेटचे नियम लिहिताना 'मस्ट', 'शॅल', 'शुड', 'मे' हे शब्द कुठल्या अर्थाने वापरायचे, एवढंच त्यात सांगितलंय. 'मस्ट' आणि 'शॅल' म्हणजे करायलाच पाहिजे, सुटका नाही. 'शुड' म्हणजे करा, आणि करणार नसाल तर तसं सबळ कारण हवं. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. पुढे लोक साध्या वाक्यातला 'मे' आणि नियमातला 'मे' यांत घोळ घालायला लागले. म्हणून २०१७ मध्ये आणखी एक पत्रक निघालं: कॅपिटल अक्षरांत असेल तरच नियम, नाहीतर नुसतं इंग्रजी!

नवीन लागलेल्या पोरांना हे वाचायला दिलं की ती हसतात. इतक्या हुशार माणसांनी बसून सातवी-आठवीचं व्याकरण कशाला लिहायचं? मग कधीतरी समोरच्या कंपनीचा प्रोग्रॅम 'शुड'ला 'मे' समजून वागतो, रात्रीचे दोन वाजतात आणि हसू मावळतं.

पण आज मला इंटरनेटबद्दल लिहायचं नाहीये. याच तीन-चार क्रियापदांवरून आपल्याकडे सव्वाशे-दीडशे वर्षं एक भांडण चालू होतं, आणि त्यात पणाला लागली होती ती लोकांची भाकरी. ते भांडण मला महत्त्वाचं वाटतं, कारण माझं आजोळ तिसगावचं.

तिसगाव म्हणजे नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यातलं गाव. नगरहून पाथर्डीला निघालात, करंजीचा घाट उतरलात की पुढे लागतं. कानिफनाथांची मढी तिथून जवळ. नगर जिल्हा म्हटलं की लोकांना प्रवरानगर, साखर कारखाने, हिरवागार ऊस आठवतो. तो उत्तरेकडचा नगर. आमचा पाथर्डी तालुका दक्षिणेकडचा, गर्भगिरीच्या पायथ्याचा, पावसाच्या सावलीतला. ऊस आमच्याकडचे लोकही बघतात, पण तो दुसऱ्याच्या फडात, हातात कोयता घेऊन.

आधी व्याकरण उरकून घेऊ. (कंटाळा करू नका, पुढे उपयोगी पडणार आहे.)

शाळेत आपल्या सगळ्यांना एक नियम घोटून घेतला होता. 'आय' आणि 'वुई' असेल तर 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. का? ते कोणी सांगितलं नाही. परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. हा नियम आला कुठून? तर जॉन वॉलिस नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाकडून. अनंतासाठी आडवा आठ वापरायची कल्पना ज्याची, तोच हा. त्याने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, आणि गंमत म्हणजे ते लॅटिनमध्ये! इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परदेशी लोकांसाठी ते होतं. शॅल-विलची ही वाटणी त्यात मांडलेली आहे. तिथून ती पुढच्या व्याकरणकारांनी उचलली, त्यांच्याकडून शाळेच्या पुस्तकांनी उचलली, आणि इंग्रज आपल्याकडे शाळा काढायला लागले तेव्हा बोटीतून ती इकडेही आली.

आपल्याकडे ती रुजवणारे बरेच. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्या आजोबा-पणजोबांच्या कितीतरी पिढ्या बसल्या. नंतर आलं रेन आणि मार्टिन. यातले रेनसाहेब कराचीत शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. व्याकरणाच्या पुस्तकावर नाव असलेल्या या गृहस्थांनी फ्रेंच फॉरिन लीजनवर धाडसी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर हॉलिवुडने सिनेमेही काढले. त्यांचं व्याकरण वाचताना असं अजिबात वाटत नाही. असो.

तर शाळेत आपण फक्त अर्धा नियम शिकलो. वॉलिसचा उरलेला अर्धा जास्त मजेशीर आहे. 'आय शॅल' म्हणजे नुसतं भविष्य, पण 'आय विल' म्हणजे माझा निश्चय. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात सगळं उलटं. 'ही विल' म्हणजे नुसतं भविष्य, तर 'ही शॅल' म्हणजे वचन किंवा धमकी. बोलणारा स्वतःची इच्छा समोरच्यावर लादतोय. यावरून इंग्रजीत एक जुना विनोद आहे. एक परदेशी माणूस नदीत पडतो आणि ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे व्याकरणशुद्ध इंग्रज समजतात की याला बुडायचंच आहे आणि वाचवू नका अशी सक्त ताकीद आहे. ते टोप्या काढून शांतपणे उभे राहतात.

बोलण्यातून हा नियम आता जवळपास गेलाच आहे. अमेरिकनांनी 'शॅल' कधीच अडगळीत टाकला. पण एका ठिकाणी तो टिकून आहे. कायद्यात! 'भाडेकरू शॅल भरेल', 'सरकार शॅल देईल'. तिसरा पुरुष आणि शॅल, म्हणजे वॉलिसच्या हिशेबाने वचन किंवा हुकूम. परीक्षेत ऑप्शनला टाकलेला तो अर्धा नियम म्हणजे कायदा वाचायची किल्ली होती तर!

मराठीत या सगळ्यासाठी वेगळे शब्द नाहीत, क्रियापदच वळतं. करावं, करायला पाहिजे, करावं लागेल, करू शकेल, करता येईल. मराठीचं व्याकरण इंग्रजी धर्तीवर पहिल्यांदा नीट बसवलं ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, १८३६ साली. (भाषांतर पाठमालावाले तर्खडकर वेगळे. एकाच आडनावामुळे दोघांची गल्लत करतात लोक.) हेच दादोबा पुढे १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून आले, ते आमच्या नगरला. विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांतला फरक मराठी माणसाला शिकवणारा माणूस ज्या कचेरीत बसत होता, तिथून सुटणारी आज्ञा पाथर्डीकडच्या कुणब्याच्या दारात जात होती. मला हा योगायोग फार आवडतो.

आता दुष्काळ.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारने कामं काढली, पण मजुरी किती द्यायची यावर काथ्याकूट सुरू झाला. रिचर्ड टेंपल या साहेबांनी १८७७ च्या सुरुवातीला असा हिशेब मांडला की माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोच्याही आत, धान्य पुरावं. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी या कपातीविरुद्ध कामंच सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. दुष्काळी कामावरच्या उपाशी माणसांनी केलेला संप, तोही १८७७ मध्ये. आपल्या पाठ्यपुस्तकात मला तरी तो कधी भेटला नाही.

इतकी माणसं मेल्यावर सरकारने रिवाजाप्रमाणे कमिशन नेमलं. १८८० मध्ये अहवाल आला, सोबत दुष्काळ संहितेचा मसुदा आला, आणि १८८३ पासून प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' तयार झाले. दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामं कुठे काढायची, मजुरी किती, अपंगांना काय, सगळं कलमवार. वाचणाऱ्याला वाटावं की हा कायदा आहे. पण तो कायदा नव्हता! ती सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेली सूचनावली होती. कलेक्टरने ती पाळली नाही तर वरचा साहेब त्याला झापेल. पण उपाशी माणूस ती घेऊन कोर्टात जाऊ शकत नाही. हुकूम होता, पण तो साहेबाने साहेबाला दिलेला. रयतेच्या हातात त्याचं दुसरं टोक नव्हतं.

ते टोक रयतेच्या हातात द्यायचा प्रयत्न झाला १८९६ मध्ये. पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता. सार्वजनिक सभा वर्षभरापूर्वीच टिळकांच्या ताब्यात आली होती. सभेने काय केलं, तर कोडातली माहिती मराठीत आणून छापली आणि माणसं गावोगाव पाठवली. 'केसरी'तून टिळक शेतकऱ्याला सांगत होते, की कोडात अमुक लिहिलंय, पीक बुडालं तर तमुक सवलत लिहिलीय, ती मागा. कर्ज काढून, गुरं विकून सारा भरत बसू नका. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सरकारचं इंटर्नल डॉक्युमेंट पब्लिक केलं आणि खाली लिहिलं, 'हे तुमच्यासाठी आहे.'

सरकार खवळलं. सरकारच्या मते साऱ्यातली सूट ही मेहेरबानी होती. देऊ वाटली तर देऊ. टिळकांच्या लेखी एकदा लिहून दिलंत की तो हक्क झाला. सगळं भांडण 'मे' आणि 'शॅल'मधलं. सभेच्या प्रचारकांवर खटले झाले, आणि १८९७ मध्ये लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. इथून पुढे सार्वजनिक प्रश्नांवर या संस्थेचं आम्ही ऐकणार नाही, विषय संपला. शस्त्र नाही, बाँब नाही, नुसती सरकारी पुस्तिका मराठीत सांगितली म्हणून!

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. घटनेचं ४१ वं कलम काढून बघा. राज्य, आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत, कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद 'शॅल' करेल. वा! पण चार कलमं मागे, ३७ व्यात म्हटलंय की या भागातल्या तरतुदी कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणवून घेता येणार नाहीत. तरी देशाच्या कारभारात त्या मूलभूत आहेत आणि कायदे करताना ही तत्त्वं लागू करणं राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे शॅल आहे, पण त्याचे दात काढून ठेवलेत, आणि वर म्हटलंय की वाघ वाघच आहे. आंबेडकरांना यावरून घटना समितीत बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. आपल्याला वाटतं घटनेतला शॅल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तसं नाहीये.

त्या वाघाला दात बसवायचं काम महाराष्ट्राने केलं, आणि ते एका गावाच्या जोरावर. तिसगावच्या नव्हे, तासगावच्या! (एक काना इकडचा तिकडे झाला, नाहीतर आम्ही जगप्रसिद्ध होतो.) सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्या कामातून गावची जमीन-पाणी सुधारायचं, या कल्पनेचा प्रयोग आधी त्यांच्या भागात झाला. १ मे १९७२ पासून राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली, आणि लगेच तो कुप्रसिद्ध बहात्तरचा दुष्काळ आला.

बहात्तरबद्दल तिसगावात कोणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. मिलो ज्वारी, सुकडी, खडी आणि मुकादमाची हजेरी. माझी आजी खडी फोडायला होती. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ५० लाख! पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. आज आपण ज्या रस्त्यावरून गाडी मारत जातो, त्यातल्या कितीतरी रस्त्यांखालची खडी त्या हातांनी फोडलेली आहे. हमी योजना त्या काळात बाजूला ठेवून नेहमीची दुष्काळी कामं काढली होती. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली.

या कामांबद्दल आजी बोलायची तेव्हा ती दोन क्रियापदं वापरायची. 'देतील' आणि 'द्यावं लागंल'. मुकादमाने सांगितलं, पगार पुढच्या आठवड्यात, तर ती म्हणायची, "देतील." आणि हमीच्या कामावर बायका मिळून तहसीलला गेल्या त्याचं सांगताना म्हणायची, "त्यांला द्यावंच लागंल, लिहेल हाय तसं." तिला इंग्रजी सोडाच, मराठीही लिहिता येत नव्हतं.

'लिहेल हाय' म्हणजे कुठे? तर १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यातलं मुख्य वाक्य इंग्रजीत असं होतं, की ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला 'शॅल हॅव अ राइट टु वर्क'. जिथे 'शॅल' तिथेच 'राइट'. दुष्काळ जाहीर होण्याची वाट नाही, कलेक्टरच्या मर्जीची वाट नाही. नाव नोंदवलं की १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. सार्वजनिक सभेने १८९६ मध्ये जे मागितलं होतं, त्यापेक्षा मोठं काहीतरी ८० वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आलं. जगात तेव्हा असा कायदा फारसा कुठे नव्हता.

आणि पैसा कुठून? इथे तुमचा-माझा संबंध येतो. आपली पेस्लिप काढा. पीएफच्या खाली 'पीटी' किंवा 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. (महिलांना २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफ.) हे कसले पैसे असं ऑफिसात दहा जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. एक म्हणाला, "प्रोफेशनल आहे म्हणून!" हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये बसवला, तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने भरायचा, आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालायची. अर्थात तो कापताना कोणी 'मे' म्हणत नाही. ती कपात कडक शॅलमध्ये होते.

आता त्या कायद्याच्या मराठीकडे बघू, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. महाराष्ट्रात राजभाषेचा कायदा झाला १९६४ चा, आणि कायदे मराठीत आणायचं काम सुरू झालं. भाषांतरकारांनी एक साचा ठरवून टाकला. 'शॅल' आलं की 'करील, देईल, असेल'. 'मे' आलं की 'करता येईल'. साचा व्यवस्थित आहे, सगळीकडे एकसारखा वापरलाय, प्रोग्रॅमर म्हणून मला तर फारच आवडला. पण जरा मोठ्याने वाचून बघा. 'व्यक्तीस हक्क असेल.' आता हेच बोलण्यातलं मराठी घ्या. "बाबा कुठेत?" "घरी असेल." म्हणजे काय? असतील, नसतील, मला काय माहीत! मराठीत 'असेल'मध्ये भविष्यापेक्षा शंकाच जास्त. इंग्रजी मूळ टेबलावर मूठ आपटून हक्क आहे म्हणतंय, आणि त्याचं शुद्ध, नियमाप्रमाणे केलेलं भाषांतर माझ्या आजीच्या कानाला 'असेल बाई, आपल्याला काय ठाऊक' असं ऐकू येतं. उलट 'मे'चं 'करता येईल' कसं ऐटीत वाटतं! शासनास काम काढता येईल. येईल म्हणजे येणारच की!

कारकुनांच्या हे लक्षात आलं असावं असं मला वाटतं. कारण कुठलाही शासन निर्णय काढून बघा, त्यात नुसतं 'करील' फार कमी भेटतं. 'सदर बाब बंधनकारक राहील.' 'हे अनिवार्य राहील.' क्रियापदाच्या अंगात जोर राहिला नाही, म्हणून शेजारी 'बंधनकारक' हा पहिलवान उभा करायचा. भाषा म्हणून ओबडधोबड, पण आजीला कळलं असतं.

बरं, इंग्रजीतला शॅल तरी भरवशाचा आहे का? वकील मित्राला विचारलं तर तो पोट धरून हसला. त्याने मला दोन खटले सांगितले, आणि दोन्ही मी नंतर वाचून काढले. पहिला इंग्लंडमधला, १८८० चा, म्हणजे आपलं दुष्काळ कमिशन अहवाल देत होतं त्याच वर्षीचा. ऑक्सफर्डच्या बिशपविरुद्ध ज्युलिअस. कायद्यात शब्द होते 'इट शॅल बी लॉफुल'. बिशपने पाद्र्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करणं 'कायदेशीर असेल'. ढळढळीत शॅल दिसतोय की नाही? हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, हे शब्द फक्त मुभा देतात, सक्ती करत नाहीत. शॅलच्या पोटात मे! पण त्याच निकालात हेही म्हटलं, की कधी कधी दिलेल्या अधिकाराला कर्तव्य चिकटलेलं असतं. ज्या लोकांच्या भल्यासाठी अधिकार दिला, त्यांनी मागणी केली की तो वापरावाच लागतो. म्हणजे मेच्या पोटात शॅल. हे दुसरं तत्त्व आपली कोर्टंही वापरतात.

दुसरा खटला आपला, १९५७ चा. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव. घटनेच्या ३२० व्या कलमात म्हटलंय की सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शॅल' घेतला जाईल. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही घेतला तरी कारवाई रद्द होत नाही. हा शॅल आदेशवजा नाही, मार्गदर्शक आहे. एमपीएससी करणाऱ्या मित्रांनी हे पाठ केलेलं असतं. आमच्या आरएफसीत कोणी असं केलं तर इंटरनेट बंद पडेल!

म्हणून कायदा वाचताना क्रियापद बघितल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: नाही केलं तर काय? फॅमिन कोडात त्या प्रश्नाला रयतेसाठी उत्तर नव्हतं. ४१ व्या कलमालाही नाही. रोहयोत उत्तर होतं, बेकारभत्ता. पण तो इतका तुटपुंजा होता, आणि मिळवायला इतके खेटे, की हातात पडल्याची उदाहरणं विरळाच. तरीही त्या शॅलचा उपयोग झाला. तो झाला मोर्चात. कोर्टात फारसा नाही. ऐंशीच्या दशकात राज्यभर मजुरांच्या संघटना तहसीलवर जात होत्या तेव्हा त्या दयेचा अर्ज घेऊन जात नव्हत्या. कायद्याचं वाक्य घेऊन जात होत्या. मागण्याचा सूर बदलतो. तहसीलदाराचाही बदलतो, नाइलाजाने का होईना. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवूनच, आणि त्यातही मुख्य वाक्यात राज्य सरकार वर्षाला किमान १०० दिवसांचं काम 'शॅल' देईल असंच होतं. त्या मसुद्यावर झालेली रस्सीखेच बरीचशी अशाच शब्दांवरून होती: हमी कुठल्या जिल्ह्यांना, केव्हापासून, आणि नोटिफाय कोण, कधी करणार.

आणि नुसता 'मे' असला की काय होतं, त्याचाही नमुना घरचाच आहे. घटनेचं ३७१ वं कलम, दुसरा खंड. महाराष्ट्रातल्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमायची खास जबाबदारी राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर टाकू शकतील. 'मे'. मूळ तरतूद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीतली, १९६० मध्ये राज्य झालं तेव्हा ती महाराष्ट्राला जुळवून घेतली. राष्ट्रपतींचा आदेश निघाला मार्च १९९४ मध्ये! ३८ वर्षं. एवढ्या काळात अनुशेषावर दांडेकर समिती बसली, तिचा अहवाल आला, निवडणुका झाल्या, सरकारं आली-गेली, आणि क्रियापद आपलं शांतपणे बसून होतं. घटनेचा कोणताही भंग झाला नव्हता. 'करता येईल' म्हटलं होतं, केलं नाही, संपलं. मंडळं सुरू झाली १ मे १९९४ ला (तारीखही बघा, 'मे'!), आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

त्या वाटणीतही आमचा पाथर्डी तालुका 'उर्वरित'मध्ये. पलीकडे काही किलोमीटरवर बीड जिल्हा लागतो, तो मराठवाडा. माती तीच, पाऊस तितकाच, दिवाळी झाली की कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या गाड्या त्याच. पण तिकडच्या अनुशेषाचा हिशेब वेगळ्या रकान्यात, आणि इकडचा प्रवरा-कोपरगावच्या उसात मिसळून सरासरी काढलेली.

'शॅल'ला कंटाळून आता बऱ्याच देशांत कायदे लिहिणारे सरळ 'मस्ट' वापरायला लागलेत. दक्षिण आफ्रिकेने १९९६ ची घटना लिहिताना जाणीवपूर्वक शॅल टाळून मस्ट घेतला. मराठीत तसं करायचं झालं तर शब्द शोधायला फार लांब जावं लागणार नाही. 'द्यावे लागेल' हे व्याकरणाला धरून आहे, दादोबांच्या साच्यात बसतं, आणि 'देईल'सारखी त्याच्यात पळवाट नाही. एका ओळखीच्या भाषांतरकार बाईंना हे सुचवलं. त्या म्हणाल्या, "वाक्य लांबतं हो."

लांबतं खरं. मोजून बघितलं, दोन अक्षरांनी, एका जोडाक्षराचा हिशेब धरला नाही तर.